गावच्या पेटीतले मोडी कागद घेऊन मंडळात जायचंय, सुरुवात कुठून करू?

पांझरकाठ

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

साक्री तालुक्यातलं आमचं जुनं धाब्याचं घर यंदा पाडायला घेतलं. देवघराच्या मागच्या कोनाड्यात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद निघाले. बरेचसे एकपानी आहेत, काही लांबलचक, एकाखाली एक चिकटवलेले. एक कागद मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती पेशव्यांनी खापरपणजोबांना दिलेली सनद. काकांना मोडी जेमतेम लागतं, पण त्यांनी वरचा शक १७३५ असा वाचलाय, म्हणजे इ.स. १८१३. पुढे ‘श्रीमुख नाम संवत्सरे’ आहे. माथ्यावर पुसटसा गोल शिक्का आहे, मधोमध चेहऱ्यासारखं काहीतरी दिसतं. काकांचं म्हणणं, तो पेशव्यांचा शिक्का. घरात तर शिवाजी महाराजांच्या काळापासून आम्ही याच गावचे असं सांगतात.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे हे लहानपणापासून ऐकतोय, पण ते मूर्ती बघायचं ठिकाण असाच समज होता. तिथल्या दप्तरात आमच्यासारख्या साध्या शेतकरी घराचं काही सापडेल का? की ते फक्त सरदार-इनामदारांचं काम? आडनावावरून शोधायचं की कसं? आणि कागद तिथे द्यावेत, की घरीच ठेवावेत?

मुलगी नववीत आहे, तिला शाळेचा प्रकल्प म्हणून वंशावळ करायची आहे. माझ्यापेक्षा तीच जास्त मागे लागली आहे.

झब्बू

जहागीर मिळाली की या संस्थळाला विसरू नका. निदान सर्व्हरचा खर्च तरी द्या.

रुमालकाका

चांगला धागा. नोकरीतून मोकळा झाल्यापासून दप्तरखान्यांतच बसलेला असतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, आडनाव विसरा. अठराव्या शतकातल्या कागदात माणूस आडनावाने क्वचितच भेटतो. ‘अमुक बिन तमुक, मोकदम मौजे अमके, परगणे तमके’ असा भेटतो. तेव्हा शोध घ्यायचा तो गावाचा. गाव कोणत्या परगण्यात होतं, तर्फ कोणती, परगणा कोणाच्या सरंजामात होता, एवढं आधी कागदावर मांडा. मग सूचीत परगणा शोधा, परगण्यात गाव, आणि गावाच्या जमाबंदीत, महजरात (गावसभेच्या निवाडापत्रात), भांडणातंट्यात तुमचा माणूस. भांडण झालं असेल तर नशीबवान समजा. जे गुण्यागोविंदाने नांदले त्यांनी मागे कागद ठेवला नाही.

दुसरी गोष्ट, कोणाकडे काय आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि पाठोपाठ १९२७ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद, टिपणं, पोथ्या तिथे आहेत. मंडळाचं ‘संशोधक’ त्रैमासिक निघतं. त्याचे जुने अंक आधी चाळा, खानदेशच्या गावांवरची टिपणं त्यात विखुरलेली आहेत. त्याच गावात शंकरराव देवांनी उभारलेलं समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथे रामदासी हस्तलिखितांची बाडं. घराण्यात कोणी मठाशी बांधलेलं असेल तर तिथेही डोकवा. पुण्यात राजवाड्यांनीच मेहेंदळ्यांबरोबर १९१० मध्ये काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. आणि सरकारी कागद म्हणजे पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक छापले तेच ४५ खंड भरले, यावरून बाकीच्या रुमालांचा (फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यांचा) अंदाज करा.

तिसरं, शिवकाळापासून त्याच गावात असल्याचं जरा जपून सांगा. खानदेशात १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्याआधीची होळकरी धामधूम यांत गावंच्या गावं ओस पडली होती. इंग्रजांनी १८१८ नंतर बाहेरून कुळं आणून जमिनी लावल्या. १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचा, ओसाड गावांची वर्णनं आहेत त्यात. तुमचं घराणं टिकून राहिलेलं असू शकतं, किंवा नंतर आलेलं. दोन्हींत कमीपणा काही नाही, पण शोधायची दिशा पार बदलते.

खान्देशी_मिरची

काय भो, मंडळ गावमाच शे आनि तू आठे इचारी ऱ्हायना!

गंमत सोडा. एक भर घालतो. खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा फुटला. आपला भाग पश्चिम खानदेश. त्याआधीचा कागद शोधताना ‘धुळे जिल्हा’ म्हणून सूचीत बघाल तर हात हलवत परत याल. नंदुरबारवाल्यांचं आणखी वेगळं, ते १९९८ पर्यंत धुळ्यातच होते.

ताम्हण

विरजण घालते, राग मानू नका.

या सगळ्या मंडळांमध्ये कोणाचा इतिहास आहे? ज्यांच्याकडे वतन होतं, इनाम होतं, किंवा ज्यांचा कारकुनाशी संबंध होता त्यांचा. माझे आजोबा गिरणीत होते, त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार. त्यांच्या नावाचा रुमाल कुठल्या मंडळात आहे? ‘साध्या घराचं काही सापडेल का’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे. आणि बायकांचं तर विचारूच नका. वंशावळीच्या झाडाला फक्त पुरुष लटकलेले असतात.

मुलीला प्रकल्प करायचा आहे म्हणता, तर त्या झाडावर तिच्या आजीची आजी कुठे आहे ते तिला नक्की विचारायला सांगा.

माजघर

ताम्हण यांना +१. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे, जाडजूड. मुलग्यांना क्रमांक, शिक्षण, नोकरी, बदली, सगळं. मुलींपुढे ‘सासरचे नाव’ आणि पूर्णविराम. सुनांचं माहेरचं नाव कंसात. माझ्या पणजीचं कुलवृत्तांतात एकच वाक्य आहे, ते तिच्या नवऱ्याच्या प्रकृतीबद्दल.

तरी एक सांगते. तो करणाऱ्यांनी पदरमोड करून, पोस्टकार्डं पाठवून माहिती जमवली होती. आज तेवढीसुद्धा कोणी जमवणार नाही.

रुमालकाका

ताम्हण, तुमचं म्हणणं निम्मं खरं. मंडळं ज्यांचे कागद मिळाले त्यांची झाली, आणि कागद वाड्यांत होते. पण वाड्याच्या कागदात फक्त वाडेकरी नसतात. वेठीला आलेल्यांच्या याद्या, बलुतेदारांची आयं, कुळांची बाकी, दंड भरणाऱ्यांची नावं, सगळं त्यात असतं. महजरात बारा बलुत्यांच्या साक्षी असतात. महाराचं नाव हद्दीच्या तंट्यात हमखास येतं, कारण गावाची शीव त्यालाच पक्की ठाऊक असे. सालदाराचं नाव सावकाराच्या वहीत सापडेल. सावकारांच्या वह्या मात्र सगळ्यात आधी जाळल्या किंवा रद्दीत घातल्या गेल्या, हे दुर्दैव.

शेवगा

आमच्याकडे, कोल्हापूर-सांगलीकडे, हेळवी येतात. बैलावर बसून दारात यायचे, तुमच्या घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायचे आणि धान्य घेऊन जायचे. आता मोटारसायकलवर येतात, वही तीच. मराठा, धनगर, लिंगायत अशा बऱ्याच घरांचे हेळवी ठरलेले आहेत. मूळ गाव कोणतं, कधी उठून इकडे आलो, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. कुठल्या मंडळाच्या सूचीत हे मिळणार नाही.

शिवाय तीर्थोपाध्ये आहेतच. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी. गावाचं नाव सांगितलं की तुमच्या भागाचे उपाध्ये कोण ते कळतं, मग नामावळीत पूर्वजांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद निघते. अस्थी घेऊन गेलेल्या माणसाने सोबत कोण होतं तेही लिहिलेलं असतं. त्यात बायकांची नावं येतात बरं का, ताम्हणताई.

मांडवीतीर

गोव्यातून. आमचा प्रकार निराळा. पणजीचा पुराभिलेख विभाग म्हणजे १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु याच्याकडे सोपवलेलं दप्तर, त्यामुळे जुनेपणाची ददात नाही. ददात आहे ती पोर्तुगीज वाचणाऱ्यांची. ख्रिस्ती घरांना चर्चच्या बाप्तिस्मा-विवाहाच्या वह्या आहेत. हिंदू घरांनी देवस्थानच्या महाजनांच्या याद्या, गावकरीचे (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे) कागद आणि मठांची दप्तरं बघावीत. गावकरीचे काही जुने कागद मराठीत, मोडीतही आहेत.

हल्ली मात्र आमच्याकडे पूर्वज शोधणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आजोबा नको असतात, आजोबांचा जन्मदाखला हवा असतो. पोर्तुगालच्या पासपोर्टसाठी!

झब्बू

म्हणजे आमच्याकडे सनद शोधतात, तुमच्याकडे व्हिसा. तुमचे पूर्वज जास्त उपयोगी.

दूरदेशी

मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात राहतो. इथे गावोगावी हिस्टॉरिकल सोसायटी असते. बहुधा एक जुनं लाकडी घर, आणि आठवड्यातून एखादा दिवस उघडून बसणारे निवृत्त आजी-आजोबा. राज्याची मोठी सोसायटी १७९१ ची आहे, पण मजा गावातल्या सोसायटीत. आम्ही घेतलेल्या घराचा इतिहास काढायला गेलो होतो. त्यांनी सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे समोर ठेवले. विटांचं बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळं, दारं-खिडक्यांपर्यंत खुणा. मग दरसालच्या डिरेक्टऱ्या. आमच्या घरात बुटांच्या कारखान्यातला कामगार भाड्याने राहत होता, त्याच्याआधी एक विधवा शिवणकाम करायची. व्यवसायासकट नोंद.

माझा एकही पूर्वज या देशात जन्मला नाही, तरी त्या आजींनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. मूळ गाव, आई-वडिलांची नावं, इथे का आलात. म्हणाल्या, शंभर वर्षांनी कोणी विचारत येईल. आपल्याकडच्या मंडळांनी हे करायला हवं असं फार वाटतं. कागद फक्त मेलेल्यांचेच का जमवायचे?

कोपरखळी

पुण्यातल्या मंडळावर २००४ मध्ये हल्ला होऊन कागद फाडले होते ना? अशा ठिकाणी कोण कागद देईल?

रुमालकाका

ती भांडारकर संस्था, जानेवारी २००४. भारत इतिहास संशोधक मंडळ वेगळं, सदाशिव पेठेतलं. आणि तोडफोडीचं म्हणाल तर घरं काही सुरक्षित नव्हती. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत खेड्यांतले वाडे दप्तरासकट गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत घराघरांतल्या कागदांचा लगदा झाला. त्या मानाने मंडळात कागद बरे राहिलेत.

गुळपोळी

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या मंडळात गेले होते, नाव घेत नाही. दाराला कुलूप. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, किल्ली असलेले गृहस्थ लग्नाला गेलेत. पुढच्या वेळी उघडं होतं तर सूची कपाटात, आणि कपाटाची किल्ली दुसऱ्यांकडे. ते दुसरे आले, त्यांनी माझी जात विचारली, मग ‘तुमच्या लोकांचं इथे काही नसणार’ म्हणाले. मी तशीच निघाले. त्यामुळे ताम्हण म्हणतात ते फक्त कागदांपुरतं खरं नाही.

बोरूबहाद्दर

गुळपोळी, वाईट वाटलं वाचून. हे अजून घडतं, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मी अशाच एका मंडळात सूची करायला जातो. पगारी माणूस एकच, तोच झाडतो, तोच पावत्या फाडतो. तरीही वाचकाला जात विचारायचं कारण नाही. गाव विचारलं की काम भागतं. असं झालं तर अर्ज लेखी द्या, पोच मागा. ‘सूचीत नाही’ हे उत्तर लेखी द्यायची वेळ आली की माणसं पुन्हा एकदा सूची उघडतात.

पांझरकाठ, त्या ‘सनदे’चा फोटो चढवा इथे. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला एक शंका आहे, पण कागद बघितल्याशिवाय बोलत नाही. उन्हात नको, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढा. कागद दाबून सपाट करू नका, घडी मोडेल. मागची बाजूही काढा, खरा मजकूर कधीकधी पाठीवर असतो.

पांझरकाठ

चढवलाय. दोन्ही बाजू. मागे काही बारीक ओळी आणि खुणा आहेत, नांगरासारखं एक चित्र आणि एक गोल.

वाटाड्या

वाखु (वाचनखूण) साठवली. मोडी कुठे शिकतात कोणी सांगेल का?

रुमालकाका

पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. अक्षरओळख लवकर होते. खरी मेहनत पुढे असते, शब्द तोडले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. छापील उताऱ्यांवर हात बसला की घरच्या कागदांकडे वळा.

बोरूबहाद्दर

पांझरकाठ, रात्री बसून वाचला. क्रमाने सांगतो.

एक, तो चेहरा. पेशव्यांच्या शिक्क्यात अक्षरं असतात, ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ वगैरे, आणि शेवटी ‘लेखनसीमा’चं मोर्तब. चेहरा नसतो. तुमच्या कागदावरचा चेहरा व्हिक्टोरिया राणीचा आहे. हा इंग्रजी अमलातला स्टँपाचा कागद.

दोन, शक. काकांनी १७३५ वाचला, पण दुसऱ्या अंकाच्या पुढचा आकडा ३ नाही, ९ आहे. शेपूट बघा, आणि त्याच कागदात खाली रकमेत जो ९ आलाय त्याच्याशी ताडून बघा. म्हणजे शके १७९५, कार्तिक महिना, इ.स. १८७३. काकांचा दोष नाही. संवत्सरावरून पडताळा घेतला असता तरी फसले असते, कारण संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात. १७३५ हा श्रीमुख आणि १७९५ हाही श्रीमुख. राणीबाई नसत्या तर मीही हातात कॅलेंडर घेऊन बसलो असतो.

तीन, ही सनद नाही, गहाणखत आहे. ‘खत लिहून देणार’ यांनी सावकाराकडून ९५ रुपये घेतले, व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये, आणि एक शेत व बैलजोडी गहाण. हे साल खानदेशात कळीचं आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते ६५ मध्ये कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेतकऱ्यांनी त्या जोरावर कर्जं उचलली, नंतर भाव कोसळले आणि कर्जं तशीच राहिली. दोनच वर्षांनी पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे झाले.

चार, लिहून देणारा तुमचा खापरपणजोबा नाही. त्याचं नाव आहे, पण ‘अज्ञान मुलगा’ म्हणून, वय वर्षे १२. लिहून देणारी त्याची आई आहे. नवरा वारलेला. मागची ती गोल खूण म्हणजे बांगडी, ‘निशाणी बांगडी’ असं शेजारी लिहिलंय, बाईची सही. नांगर आहे तो साक्षीदाराचा, शेतकऱ्याची निशाणी. नाव स्पष्ट लागतं. इथे उघड लिहीत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पाच, पाठीवरच्या बारीक ओळी म्हणजे वसूल. सहा हप्त्यांत रक्कम फिटलेली आहे, शेवटी ‘खत फाडून परत दिल्हे’. वरचा कोपरा फाटलाय तो उंदराने नाही, सावकाराने.

पांझरकाठ

काय बोलू सुचत नाही. हे नाव आमच्या वंशावळीत नाही. घरात कोणालाच माहीत नाही. काकांना फोनवर सांगितलं, ते आधी चिडले, मग म्हणाले, “अरे मग ते नदीकाठचं शेत तिनेच सोडवलं असणार. आजोबा त्याला ‘म्हातारीचं’ म्हणायचे.” आम्हाला वाटायचं मरीमातेचं ठाणं आहे तिथे, म्हणून म्हातारीचं.

मुलीने झाड पुन्हा काढायला घेतलंय.

ताम्हण

माझं ‘नाही’ मागे घेत नाही, पण निम्मं करते. फक्त एक लक्षात घ्या. ती कागदावर आली, कारण नवरा मेला आणि मुलगा लहान होता. नवरा जिवंत असता तर बांगडी उमटली नसती.

माजघर

ताम्हण, हे अगदी खरं. आता माझ्या आईला घेऊन मामाच्या गावचे जुने सातबारे काढायला जाणार आहे. त्यात ‘अ.पा.क.’ लिहिलेलं असतं ना, अज्ञान पालन कर्ता, तिथे बऱ्याचदा आई असते. इतकी वर्षं ते डोळ्यांखालून गेलं.

रुमालकाका

पांझरकाठ, आता पुढचा माग. शंभर रुपयांच्या आतलं गहाणखत नोंदवणं तेव्हा सक्तीचं नव्हतं, त्यामुळे निबंधकाकडे हे बहुतेक मिळणार नाही. पण शेत आहे, तेव्हा पहिल्या मोजणीचे कागद भूमी अभिलेखकडे बघा. फेरफार बघा. काही जिल्ह्यांचे जुने उतारे ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून टाकलेत. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात. म्हातारीच्या मृत्यूची नोंद मिळाली तर वय आणि कारणही मिळेल. शाळेचं जनरल रजिस्टर पणजोबांसाठी.

मंडळात जाल ते या खताची प्रत घेऊन, आणि विचारा त्या सावकाराच्या घराण्याचं दप्तर कोणी दिलंय का. तुमच्या पूर्वजांची गोष्ट सावकाराच्या वहीत असते, हे परवा म्हटलं होतंच.

शेवगा

नमुना १४ साठी आता रांगा आहेत. २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमल्यापासून कुणबी नोंदी शोधायला सगळे अभिलेख कक्षातच. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते भाव आलाय. आमच्या तालुक्यात एका म्हाताऱ्या गुरुजींच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात. चांगलं एवढंच, की त्या निमित्ताने सडत पडलेली रजिस्टरं उघडली तरी गेली.

तंजाऊरपेठ

चेन्नईहून. आमच्याकडे उलटं आहे. मराठी बोलणारे आहोत, मोडी वाचणारे जवळपास नाहीत, आणि कागद सरस्वती महालात पडून. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांची तमिळ भाषांतरं छापली, ती वाचून मला माझ्या पूर्वजांच्या काळातल्या पगाराच्या नोंदी समजल्या. मराठी माणसाने मराठी कागद तमिळमधून वाचला! बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा भोसल्यांचा शिलालेख मात्र देवनागरीत आहे, तो थेट वाचता येतो. कधी आलात तर मान वर करायची तयारी ठेवा, चिकार लांब आहे.

बोरूबहाद्दर

कागद द्यावेत का, हा मूळ प्रश्न राहिला. माझं मत: आधी क्रमांक घाला, पेन्सिलने, पाठीवर कोपऱ्यात. स्कॅन करा. मग मंडळाला नकला द्या, आणि मूळ कागद द्यायचे की नाही ते घरच्यांनी सावकाश ठरवा. दिलेत तर यादीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि नकला मिळण्याचा हक्क लिहून घ्या.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका, रबरबँड तर अजिबात नको. मांजरपाट धुऊन त्यात बांधा, वेखंडाची पुडी ठेवा. हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद आणि काजळाची शाई, त्यांना काही होत नाही. तुमच्या पेटीतले १९४० नंतरचे गिरणीचे कागद मात्र आधी स्कॅन करा, ते आधी मरतील.

झब्बू

सर्व्हरचा खर्च ९५ रुपयांत भागेल का? व्याज दरशेकडा दोन चालेल.

इनामदार_१२३

नमस्कार. माझ्याकडे पेशव्यांची ओरिजिनल सनद आहे, १००% खरी. विकायची आहे. किती मिळतील? दुबईतला एक पार्टी तयार आहे.

कोपरखळी

धागा वाचून प्रतिसाद द्यायचा असतो हो.

रुमालकाका

इनामदारसाहेब, ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित ७५ वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि धंदा म्हणून विकायलाही परवाना लागतो. दुबईचं नाव इथे लिहून ठेवलंत ते काढून टाका आधी.

इनामदार_१२३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पांझरकाठ

मंडळात फोन केला होता. गाव आणि परगणा विचारला, बाकी काही नाही. पुढच्या आठवड्यात काकांना आणि मुलीला घेऊन जातोय. काका म्हणतात, सनद नाही तर नाही, पण सावकाराचं नाव काय होतं ते त्यांना आत्ताच्या आत्ता पाहिजे. त्याच आडनावाचं दुकान अजून आहे गावात.

बोरूबहाद्दर

नाव व्यनित दिलेलंच आहे. काकांना म्हणावं, हिशेब चुकता आहे, भांडू नका.